श्वासावर लक्ष ठेवणं जमत नाही तेव्हा: दुःखातल्या माणसासाठी सजगतेचा सराव

"डोळे मिटा आणि श्वासावर लक्ष द्या," असं कुणी सांगितलं आणि शांत वाटण्याऐवजी तुमचा जीव गुदमरायला लागला, तर तुमचं काही चुकत नाहीये. डोळे उघडा, उठून उभे राहा, खोलीत चार पावलं टाका. सराव तिथूनही सुरू होतो.

माझा नवरा फुफ्फुसाच्या आजाराने गेला. शेवटचे काही महिने घरात ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस चालू असायचं आणि त्याच्या घरघरीतून मी कान देऊन त्याचा श्वास ऐकायचे. घेतला, सोडला, पुढचा येतोय ना. तो गेल्यावर माझ्याच काळजीने लोकांनी मला ध्यानाला बसवलं, आणि डोळे मिटले की माझा स्वतःचा श्वासही मला त्याच्या श्वासासारखा ऐकू यायचा. मग एका समुपदेशक बाईंनी मला निराळाच प्रश्न विचारला: "आत्ता तळपायांना काय जाणवतंय?" फरशी गार आहे, एवढं मला सांगता आलं. तेवढ्यावर आम्ही काम सुरू केलं.

आता जवळचं माणूस गमावलेल्यांचा आमचा एक लहानसा गट आहे. आम्ही नियमित भेटतो. खाली लिहिलेलं बरंचसं मी तिथे इतरांकडून शिकले, काही उपचारांच्या काळात शिकले.

सजगतेने, म्हणजे लोक ज्याला माइंडफुलनेस म्हणतात त्याने, दुःख नाहीसं होतं असं मी कुणाला सांगत नाही. माणूस गेलं आहे, त्याचं दुःख होणारच. पण त्या दुःखाच्या जोडीला आपण मनात एक खटला चालवत असतो. आठवण येते, छातीत कळ उठते, डोळे भरतात, हे झालं दुःख. पुढच्याच क्षणी सुरू होतं: "मी वेळेवर लक्ष दिलं नाही." "इतके महिने झाले तरी मी अशीच." "माझं आता काही खरं नाही." फिर्यादी आपण, आरोपी आपण आणि निकाल आधीच ठरलेला. दुःख येतं, भरतं, ओसरतं. खटला मात्र रोज नव्याने उभा राहतो. सुसान नोलन-होक्सेमा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी अनेक वर्षं याच गोष्टीचा अभ्यास केला: जी माणसं तेच तेच विचार उगाळत बसतात, त्यांचं नैराश्य अधिक खोल जातं आणि अधिक काळ टिकतं. सजगतेचा उपयोग इथे होतो. दुःख कुठे संपतं आणि खटला कुठे सुरू होतो, ती जागा दिसायला लागते.

आधी हे तपासून घ्या

दुःख आणि नैराश्य वरून सारखे दिसतात. झोप नाही, भूक नाही, कशात मन नाही. पण दुःख बहुधा लाटांसारखं येतं. एखादा वास, एखादा आवाज, कपाटातला शर्ट, आणि उमाळा येतो. तो गेल्यावर मधल्या वेळात माणूस कुणाशी बोलतो, क्वचित हसतोही. नैराश्य बराच वेळ एकसारखं बसून राहतं. त्यात गेलेल्या माणसाची ओढ मागे पडते आणि "मीच नालायक" हा सूर पुढे येतो. दोन्ही एकाच वेळी असू शकतात. माझ्या बाबतीत तसंच होतं.

सलग दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास किंवा सगळ्यातला रस गेलेला, झोप, भूक, एकाग्रता बिघडलेली, स्वतःबद्दल तिरस्कार, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना किंवा निदान नेहमीच्या डॉक्टरांना भेटा. "माणूस गेल्यावर असं होणारच" म्हणून ते अंगावर काढू नका. दुःखाचंही तसंच. त्याला मुदत नसते, पण ते कधी कधी जागच्या जागी गोठतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आता लांबलेल्या शोकाचं स्वतंत्र निदान आहे. त्यात किमान सहा महिन्यांचा काळ धरला आहे, तर अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 2022च्या सुधारित नियमावलीत प्रौढांसाठी बारा महिन्यांचा. इतक्या काळानंतरही रोजची ओढ तितकीच तीव्र असेल आणि जगणं अडलं असेल, तर त्यासाठी खास उपचारपद्धती आहेत. ते निदान म्हणजे आपल्या प्रेमावर ठेवलेला ठपका नाही.

आणि जगणं नकोसं वाटत असेल, स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, तर पुढचं वाचणं इथेच थांबवा आणि आत्ता कुणाला तरी सांगा. डॉक्टर, हेल्पलाइन, घरातलं माणूस, शेजारी, कुणीही. एकटे राहू नका. "त्याच्याकडे जावंसं वाटतं" हे वाक्य आमच्या गटात पुष्कळांच्या तोंडून येतं. बऱ्याचदा त्यात नुसती ओढ असते, पण कधी कधी त्यात बेत असतो. दोन्हींतला फरक तुम्हाला स्वतःला सांगता येत नसेल, तर बेत आहे असंच धरून मदत घ्या.

यामागे काय अभ्यास आहे

जॉन कबात-झिन यांनी 1979मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखणी असलेल्या रुग्णांसाठी सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला. तोच पुढे आठ आठवड्यांच्या ठरलेल्या स्वरूपात जगभर गेला. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या तिघा मानसशास्त्रज्ञांनी त्याला नैराश्यावरच्या बोधनात्मक उपचारांची, म्हणजे विचारांच्या सवयींवर काम करणाऱ्या उपचारांची, जोड दिली. त्यांचा पहिला मोठा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यात 145 जण होते, सगळे नैराश्यातून बरे झालेले, पण ते उलटण्याची, म्हणजे पुन्हा येण्याची, भीती असलेले. ज्यांना आधी तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलं होतं, त्यांच्यात नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी 66 टक्क्यांचं नैराश्य उलटलं, आणि हा अभ्यासक्रम केलेल्यांपैकी 37 टक्क्यांचं. आधी दोनदाच येऊन गेलेल्यांना मात्र असा फायदा दिसला नाही.

हे आकडे मी मुद्दाम दिले, कारण "ध्यान करा, डिप्रेशन पळून जाईल" असं सर्रास सांगितलं जातं. हा अभ्यासक्रम बेतला होता तो बरं झालेल्या माणसाने पुन्हा खड्ड्यात पडू नये म्हणून. ऐन नैराश्यात बुडालेल्या माणसाला चाळीस मिनिटं डोळे मिटून बसवणं हा त्याचा हेतू नव्हता. तशा अवस्थेत आधी डॉक्टर, आणि सराव अगदी छोटा, डोळे उघडे ठेवून.

गोळ्यांचंही सांगते. 2015 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका ब्रिटिश अभ्यासात 424 जण होते. निम्म्यांनी नैराश्याची औषधं चालू ठेवली, निम्म्यांनी सजगतेचा अभ्यासक्रम करत ती कमी किंवा बंद करण्याचा प्रयत्न केला. दोन वर्षांत नैराश्य उलटण्याचं प्रमाण 47 आणि 44 टक्के, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. पण औषधं कमी केली ती डॉक्टरांच्या मदतीने, हळूहळू. मनाने गोळ्या थांबवू नका. मी सराव आणि गोळ्या दोन्ही एकत्र केलं, आणि गोळी घेतल्यामुळे माझा सराव कच्चा ठरला असं मला एकदाही वाटलं नाही.

टेकायला जागा शोधा

लक्ष भरकटलं की परत यायला एक जागा लागते. बहुतेक ठिकाणी श्वास ही जागा सांगतात. तो तुम्हाला सोसत असेल तर उत्तमच. पण ज्यांनी कुणाचा तरी शेवटचा श्वास पाहिला आहे, ज्यांना घाबरल्यावर छातीत धडधडतं, त्यांनी हट्ट करू नये. शरीरात इतर जागा भरपूर आहेत.

तळपाय ही माझी जागा. खुर्चीवर बसा, पाय जमिनीला पूर्ण टेकू द्या, चपला काढल्या तर बरं. नजर समोर चार हातांवर खाली ठेवा. आता टाच. ती जमिनीला टेकलीय ती एका बिंदूवर की पसरून? मग तळव्याची बाहेरची कड. मधली कमान जमिनीला लागत नाही, तिथे काय जाणवतं? काहीच नाही, हेही उत्तर चालतं. मग अंगठा, मग बाकीची बोटं एकेक. करंगळी पुष्कळांना जाणवतच नाही. ती किंचित हलवून पाहा. टाचांवर जरा भार द्या, सोडा. एवढ्यात मन दहा वेळा निघून जाईल. गेलं हे लक्षात आलं की पुन्हा टाचेपासून सुरू करा. तीन मिनिटं पुरे.

कुणाला हात सोयीचे वाटतात: एक तळहात दुसऱ्यावर ठेवायचा आणि दोन्हींमधली ऊब, वजन, घाम यांच्याकडे लक्ष द्यायचं. कुणाला आवाज. खिडकीबाहेरचा लांबचा आवाज, मग मधला, मग खोलीतला. मला आवाज जमले नाहीत, कुठलंही मशीन घरघरलं की मी परत त्याच खोलीत जायचे. आमच्या गटातल्या एका बाईंचं बाळ गेलं होतं. त्यांना हातांकडे लक्ष देणं असह्य व्हायचं, हात रिकामे वाटायचे. त्यांनी पाठ निवडली, भिंतीला टेकलेली पाठ. आपलं दुःख कुठल्या जागी साठून आहे ते आपल्यालाच माहीत, म्हणून जागा आपणच निवडायची. आठवडाभर करून पाहा आणि जिथे गेल्यावर जीव थोडा तरी स्थिर होतो ती ठेवा.

लाट येते तेव्हा

दुःखाची लाट दाबायची नाही आणि तिच्यात उडीही घ्यायची नाही. जवळ जायचं, थोडा वेळ थांबायचं, मागे यायचं.

लाट आली की असाल तिथे टेका. आधी तळपाय. मग मनात म्हणा, "दुःख आलंय." किंवा राग असेल तर "राग आलाय". नाव साधं ठेवा, कारण शोधत बसू नका. भावनेला नाव दिल्याने मेंदूत काय होतं हे मॅथ्यू लिबरमन या मानसशास्त्रज्ञाच्या गटाने 2007 साली तपासलं: चेहऱ्यांची छायाचित्रं पाहताना त्यांवरच्या भावनेला शब्द दिले की धोक्याची घंटा वाजवणाऱ्या अमिग्डालाची हालचाल कमी झालेली दिसली.

नाव दिलंत की शरीरात ते कुठे आहे ते बघा. घशात आवंढा असेल, छातीवर दडपण असेल, पोटात खड्डा पडल्यासारखं असेल. त्याचा आकार केवढा, कडा कुठे संपतात, गरम की गार, हलतंय की थिजलंय. मनात सावकाश दहापर्यंत मोजत तिथे राहा. मग मुद्दाम तिथून निघा: पुन्हा तळपाय, आणि डोळे उघडून खोलीतल्या तीन वस्तू एकेक करून बघा. नुसतं नजर फिरवणं नको. पडद्याची चुणी, दाराची कडी, भिंतीवरचा डाग, असं नीट. हवं तर पुन्हा एकदा जवळ जा. दोनदा झालं की त्या वेळेपुरतं पुष्कळ झालं. रडू आलं तर रडा. गालावरून ओघळणारं पाणी आधी कोमट लागतं, हनुवटीपर्यंत गार होतं. माझं लक्ष एकदा तिथे गेलं आणि मी पहिल्यांदा रडताना स्वतःला काहीही न सुनावता रडले.

चारचौघांत असाल तर यातलं काही करणं कठीण. तेव्हा अंगठ्याचं टोक तर्जनीवर दाबा आणि तो दाब जाणवून घ्या, किंवा बुटात बोटं आवळून सोडा. कुणाला कळत नाही आणि बहुतेक वेळा घरी पोहोचेपर्यंत निभावतं.

मागे येण्याबद्दल लोकांना अपराधी वाटतं. नवरा जाऊन थोडेच दिवस झालेत आणि मी बिलं भरतेय, नळ दुरुस्त करून घेतेय. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या शोकाच्या अभ्यासकांनी 1999 साली मांडलं की दुःखातला माणूस दोन बाजूंमध्ये येरझारा घालत असतो: कधी गेलेल्या माणसाकडे तोंड, कधी पुढ्यातल्या जगण्याकडे. सावरायला या येरझाराच लागतात, कुठल्याही एका बाजूला अडकून राहिलं की माणूस खचतो. मला हे शोकाच्या पाच पायऱ्यांपेक्षा (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) फार खरं वाटतं. त्या पायऱ्या एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969मध्ये मांडल्या त्या मृत्यू समोर दिसत असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या माणसाने त्या क्रमाने चढत जायला हवं असा काही नियम नाही. "मी अजून रागाच्याच पायरीवर कशी?" म्हणून कुणी स्वतःला कोसत असेल, तर तो खटलाच.

खटला ओळखायचा कसा

त्याची भाषा ठरलेली असते. "असतं तर", "नेहमी", "कधीच", "मीच". हे शब्द मनात आले की थांबा आणि त्या वाक्याच्या आधी चार शब्द जोडा: "मनात विचार आलाय की". "मी त्याला वाचवू शकले असते" याचं होतं "मनात विचार आलाय की मी त्याला वाचवू शकले असते". वाक्य तेच, पण आता ते डोळ्यांसमोर धरून बघता येतं. गटात आम्ही एकमेकांना सांगतो, "आज पुन्हा तारीख लागली होती." ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

डोक्यात धरवत नसेल तेव्हा कागद घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे घडलं ते, उजवीकडे आरोप. माझ्या कागदावर डावीकडे होतं: "रात्री धाप वाढली. मशीनचा आकडा वाढवला. उशी उंच केली. डॉक्टरांना फोन केला." उजवीकडे: "फोनच्या आधी तू वेळ घालवलास." डावीकडची ओळ वाचली की घशाशी दाटतं. उजवीकडची वाचली की जबडा आवळला जातो आणि खांदे कानांपर्यंत चढतात. हा फरक शरीरात जाणवायला लागला की डोक्याने ओळखायची फार गरज पडत नाही. जबडा आवळलेला दिसला की समजायचं, खटला उभा राहिलाय. मग जबडा सैल करायचा, जीभ टाळूपासून सोडायची, खांदे खाली आणायचे आणि पुन्हा तळपायांकडे. आरोपाला उत्तर द्यायला जाऊ नका. प्रत्येक मुद्दा खोडायला गेलं की खटला लांबतो, आणि रात्री दोन वाजता आपण आपल्याच साक्षी तपासत बसतो.

काही वेळा आरोपात तथ्य असतं. शेवटचं बोलणं भांडणाचं झालेलं असतं, भेटायला जायचं राहिलेलं असतं. तिथे "हा नुसता विचार आहे" म्हणून सुटका होत नाही, आणि तशी करूही नये. ते पश्चात्ताप म्हणून जाणवू द्या, कुठे दुखतंय तिथे तळहात ठेवा, आणि विश्वासाच्या एका माणसाला मोठ्याने सांगा. गेलेल्या माणसाला पत्र लिहिलं तरी चालेल. त्या एका गोष्टीचं दुःख आणि अख्ख्या आयुष्यावर दिलेला निकाल, या दोन गोष्टी वेगळ्या धरायला खूप वेळ लागतो. घाई नको.

काहीच वाटत नाही असे दिवस

नैराश्याच्या दिवसांत दुःखसुद्धा येत नाही. फोटो पाहून रडू येत नाही. अशा दिवशी आत डोकावून "मला काय वाटतंय" हे शोधत बसलं की आणखीच घाबरायला होतं. त्यामुळे त्या दिवशी आत बघायचंच नाही. हातापायांना काम द्यायचं आणि लक्ष त्या कामात ठेवायचं.

उठून बसणं हेच काम असेल तर त्याचे तुकडे करा: कूस बदलणं, पांघरूण बाजूला करणं, एक पाय खाली, दुसरा पाय खाली. प्रत्येक तुकड्याला तेवढंच लक्ष. दात घासताना ब्रश कुठल्या दातावर आहे तिकडे लक्ष. अंघोळीचं पाणी आधी खांद्यावर पडतं की पाठीवर, कुठे गरम लागतं. जमलं तर दहा मिनिटं बाहेर चाला, शक्यतो उजेडात, आणि टाच टेकली, पंजा उचलला एवढं बघत राहा. "मन झालं की उठेन" असं ठरवलं तर उठणं होत नाही, कारण नैराश्यात इच्छा कृतीच्या मागून येते. आधी करायचं, मग कधीतरी थोडं हलकं वाटतं, कधी नाहीही वाटत.

आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात रोजच्या कामांची यादी करून त्यातली कुठली ताकद देतात आणि कुठली ताकद काढून घेतात हे लिहायला लावतात. ही यादी बऱ्या दिवशी करून ठेवा. वाईट दिवशी सुचत नाही, तेव्हा यादीतलं सगळ्यात लहान एक उचलायचं.

पहाटेच्या जागेपणाबद्दल एवढंच सांगते की त्या वेळी मनात येणाऱ्या कुठल्याही निकालावर विश्वास ठेवू नका. पडल्या पडल्या पाठीला गादी कुठे कुठे लागते ते टाचांपासून डोक्यापर्यंत बघा. तरीही टक्क जागे असाल तर उठा, मंद दिव्यात काहीतरी साधं करा आणि झोप आली की परत या.

त्यांच्या एका वस्तूपाशी बसणं

हा सराव पहिल्या काही आठवड्यांत करू नका. तळपायांशी ओळख झाली, लाटेतून परत येणं थोडं जमायला लागलं, की मग. पहिल्या वेळी घरात कुणीतरी असू द्या.

वस्तू लहान निवडा. फोटो नको, आवाजाचं रेकॉर्डिंग तर नकोच. मी त्याच्या चष्म्याची डबी घेतली. पाच मिनिटांचा गजर लावला आणि डबी तळहातावर ठेवली. वजन किती कमी आहे. रेक्झिन एका कोपऱ्यावर उसवलंय, आतला पुठ्ठा दिसतो. बिजागरी अर्ध्यावर अडकते, मग जरा जोर लावला की खट् करून उघडते. हा आवाज मी कित्येक वर्षं रोज रात्री ऐकला होता, आणि तो ऐकताच घसा दाटला. तेव्हा डबी तशीच हातात ठेवून तळपायांकडे गेले, परत आले. आत पिवळं फडकं, घडी घातलेलं. चष्म्याच्या उजव्या काचेवर खालच्या बाजूला बोटाचा ठसा आहे. तो पुसायचा की ठेवायचा हे ठरवण्याची ती वेळ नसते. तो दिसतो, त्याच्या रेषा दिसतात, आणि मग गजर होतो.

गजर झाला की वस्तू स्वतःच्या हाताने जागेवर ठेवा आणि लगेच उठून शरीराचं काही करा. हात धुवा, गॅलरीत जा, झाडांना पाणी घाला. वेळ वाढवत नेऊ नका, पाच मिनिटं ही मर्यादाच आपल्याला सांभाळते.

काही महिन्यांनी एखाद्या संध्याकाळी अचानक बरं वाटेल. एखादं गाणं आवडेल, कुणाच्या बोलण्याला खळखळून हसाल, आणि पाठोपाठ "मला हसू कसं आलं?" हे येईल. अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या आठवड्यात रोजचा एक सुखद क्षण लिहून ठेवायला सांगतात: काय घडलं, शरीरात कुठे जाणवलं, तेव्हा मनात काय आलं. दुःखातल्या माणसाला हा गृहपाठ क्रूर वाटतो. तरी करा. ऊन पाठीवर पडलं, खांदे सैल झाले, "तो असता तर" असं वाटलं. तिन्ही एकाच ओळीत लिहा. सुख आणि आठवण एकाच क्षणात मावतात हे तिथे कागदावर दिसतं.

कधी थांबायचं

सराव करताना आपण शरीराबाहेर आहोत असं वाटणं, आजूबाजूचं खोटं भासणं, अपघाताची किंवा शेवटच्या क्षणांची दृश्यं आत्ता घडताहेत अशी डोळ्यांपुढे येणं, किंवा सरावानंतर तासन्‌तास अस्वस्थ राहणं, असं होत असेल तर थांबा. डोळे उघडा, गार पाण्याने तोंड धुवा, आजचा वार आणि तारीख मोठ्याने म्हणा, कुणाशी तरी बोला. ध्यानाचे असे परिणाम काहींना होतात हे संशोधकांनीही नोंदवलं आहे. अमेरिकेत विलोबी ब्रिटन यांचं याच विषयावर काम आहे. "आणखी बसा, आपोआप जाईल," असा सल्ला कुणी दिला तर मानू नका. अचानक, हिंसक किंवा आत्महत्येने झालेल्या मृत्यूनंतर हा सराव एकट्याने सुरू करण्यापेक्षा मानसिक आघातावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञासोबत केलेला बरा.

रोज किती करायचं असं सगळे विचारतात. सुरुवातीला तीन मिनिटं, दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी. सकाळी पाय जमिनीवर टेकवताना आणि रात्री दिवा बंद करण्याआधी, म्हणजे वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. राहून गेलं तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. महिन्याभराने वाटलं तर दहा मिनिटांवर जा. वाटलं नाही तर तीनच ठेवा.

आणि वर्गाला जायचं ठरवलंत, तर नाव देण्याआधी शिकवणाऱ्याला फोन करून सरळ विचारा: मला नुकतंच दुःख झालंय, हे तुम्हाला आधी सांगून ठेवता येईल का? माझे नैराश्याचे उपचार चालू आहेत, ते चालू ठेवून येता येईल का? श्वासाऐवजी दुसरीकडे लक्ष ठेवलं, डोळे उघडे ठेवले, मध्येच उठून बाहेर गेले, तर चालेल का? आणि मला त्रास झाला तर तुम्ही कुणाकडे पाठवता? चारही प्रश्नांना शांतपणे, नेमकं उत्तर देणारं माणूस सापडेपर्यंत शोधत राहा, आणि तोवर घरीच तळपायांपाशी बसा.